जाळी

सासूबाई तव्यावरची आंबोळी काढतात
आणि खूश होऊन म्हणतात, "जाळी कितें बरी पडल्या!"
मी ताट पुढे करते, मान फिरवून.
मग ती मधोमध दुमडते,
जाळी आत, पाठ बाहेर.
अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.
किंवा आलं असेल.
सावईवेऱ्यात सगळं लक्षात येतं
आणि सगळंच बोललं जातं असं नाही.

भीती म्हणता येणार नाही हिला.
न्हाणीत साप निघाला तेव्हा काठी मीच घेतली होती.
हे आधी कातडीला कळतं, मला नंतर.
दंडावर काटा, केसांच्या मुळाशी मुंग्या,
जिभेखाली आंबट पाणी,
आणि वाटतं, बघत राहिले
तर ही भोकं माझ्या हातावर उगवतील
आणि एकेकातून काहीतरी डोकं काढेल.
काय, ते ठाऊक नाही.
तोवर मी डोळे मिटलेले असतात.

चौथीत बाईंनी कमळाचं वाळकं बोंड आणलं होतं वर्गात.
मी वहीवर ओकले.
घरी नाव पडलं नाटकी.

आणि लग्न होऊन आले कुठे, तर उघड्या चिऱ्याच्या घरात!
गिलावा नाही, रंग नाही.
धारबांदोड्याच्या खाणीतला चिरा
सासरे पाहुण्यांना हात फिरवून दाखवायचे.
मला त्या लाल भिंतीत नुसती तोंडं दिसायची,
काही एकमेकांत घुसलेली,
काहींच्या घशात पिवळी माती.
पहिल्या रात्री दिवा मालवायची घाई मीच केली.
गुरुदासला वाटलं, लाजते.

गेल्या वर्षी भाचीनं मोबाईलवर शोधून सांगितलं,
मामी, याला नाव आहे.
लांबलचक, परकं नाव.
दोनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसलं नाही,
पण बरं वाटलं.
नाव आहे म्हणजे मी पहिली नाही.
"फोटो दाखवू?" म्हणाली.
मी उठून विहिरीवर गेले.

मग आगुस्तीन मेस्त आला कौलं चाळायला.
मी हळूच म्हटलं, चुलीसमोरची तेवढी भिंत लिंपून द्याल?
त्यानं कारण विचारलं नाही.
थापी चालवत आपल्याशीच बोलत राहिला:
खाणीत हा मऊ असतो बाय, वारं लागलं की घट्ट होतो.
आणि भोकं आहेत म्हणून तर चुना धरतो,
गुळगुळीत फातरावर सुटून पडला असता.
मी इतका वेळ भिंतीकडे कधीच पाहिलं नव्हतं.
त्याच्या हाताखाली एकेक ओळ विझत होती.

खिडकीपाशी वीतभर राहिलं आणि चुना संपला.
उद्या येतो म्हणाला. गावात फेस्त होतं, चार दिवस आला नाही.

त्या विताला मी कॅलेंडर लावलं.
दुपारी घर झोपलं की कोपरा उचलायचा,
मुठीची नळी करून एकच भोक बघायचं.
एकटं भोक बिचारं असतं.
सुईला असतं, बासरीला असतं, माझ्या नाकाला दोन आहेत.
घोळका झाला की बिघडतं सगळं.
एक. श्वास. दुसरं. कॅलेंडर खाली.
तिसऱ्या दिवशी पाचाव्यात करंगळी घातली:
थंड, कोरडं, आत काही नाही.
नवव्यात मुंगी होती.
ती बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणा की न बघून,
परत आत गेली.
त्या दिवशी ओकारी आली, खोटं कशाला सांगू.
पण जेवण झाल्यावर आली.

मेस्त आला, म्हणाला, "उरलेलं करून टाकूं?"
करा म्हटलं.
फक्त ते एक सोडा, खिडकीकडचं. त्यात मुंगी राहते.
तो हसला नाही. थापीच्या टोकानं
त्याच्याभोवती गोल फिरला.

आंबोळी मी अजून दुमडूनच खाते.
काल मात्र ताटात आली तीच दुमडलेली.
सासूबाई तव्याकडे बघत होत्या.